‘च’ कुठे लावावा?

आठवीच्या वर्गावर शब्दयोगी अव्यये शिकवायची वेळ दरवर्षी पावसाळ्याच्या सुमारास येते. वर्गाची पत्रे तडतड वाजत असतात, मुले पेंगुळलेली असतात, आणि फळ्यावर मी लिहीत असतो : च, ही, पण, मात्र, सुद्धा, देखील. यांना शुद्ध शब्दयोगी अव्यये म्हणतात. मोरो केशव दामल्यांच्या १९११ सालच्या व्याकरणापासून आपण हे शिकत आणि शिकवत आलो आहोत. बाकीची शब्दयोगी अव्यये ज्या शब्दाला लागतात त्याला वाकवतात, म्हणजे त्याचे सामान्यरूप करतात. ‘मी’ला ‘साठी’ लावा, ‘माझ्यासाठी’ होते. ‘बरोबर’ लावा, ‘माझ्याबरोबर’ होते. पण ‘च’ लावला तर ‘मी’ जसाच्या तसा ताठ उभा राहतो : ‘मीच’.

यंदा हे सांगत असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. घरी तेलुगू बोलणारा. म्हणाला, “सर, ‘नेने’ म्हणजे ‘मीच’ ना?” मी म्हटले, बरोबर. ‘नेनु’ म्हणजे मी, ‘नेने’ म्हणजे मीच आणि ‘नेनू’ म्हणजे मीही. लगेच खिडकीजवळची मुलगी म्हणाली, “आमच्यात ‘नाने’, सर. आणि मीही म्हणजे ‘नानू’.” ती कन्नड. आमच्या तालुक्याच्या एका अंगाला तेलुगू आहे आणि दुसऱ्या अंगाला कन्नड, त्यामुळे व्याकरणाचा तास कधी कधी असा आपोआप रंगतो. मग त्या तेलुगू मुलाने सहज विचारले, “सर, एवढे सगळ्यांनी ‘मीच’ म्हणायची सोय का करून ठेवली असेल?”

मुख्याध्यापकाला प्रश्नाचे उत्तर येत नसले की तो घड्याळाकडे पाहतो. मीही पाहिले. पण तो प्रश्न घरापर्यंत माझ्याबरोबर आला, आणि या लेखापर्यंतही आला.

✻

सोय तर पुष्कळ जुनी आहे. आपला ‘च’ ज्ञानेश्वरीच्या काळी ‘चि’ होता. त्याच्याही मागे गेलो तर हालाच्या गाथासप्तशतीच्या महाराष्ट्री प्राकृतात ‘च्चिअ’, ‘च्चेअ’ अशी त्याची पूर्वजमंडळी भेटतात. संस्कृतात हेच काम ‘एव’ करतो. तिथे ‘मीच’ म्हणजे ‘अहमेव’.

आपल्याकडेच हे आहे असे नाही. विद्यार्थिदशेत मी हैदराबादेत असताना आबिड्सच्या फुटपाथवर दर रविवारी भरणाऱ्या जुन्या पुस्तकांच्या बाजारातून एक लॅटिन व्याकरण घेतले होते. कुठल्याशा मिशनऱ्याच्या कपाटातून आलेले असावे. लॅटिन मी पुरती कधी शिकलो नाही, पण सर्वनामांच्या प्रकरणाने मला बांधून ठेवले. लॅटिनमध्ये क्रियापदाच्या रूपावरूनच कर्ता कळतो, म्हणून ‘मी’ या अर्थाचा ‘एगो’ हा शब्द एरवी वापरतच नाहीत. आपणही ‘जातो बाजारात’ म्हणतो, तसेच. ‘एगो’ तोंडातून निघाला म्हणजे बोलणाऱ्याला काहीतरी ठासून सांगायचे आहे असे समजावे. तेवढ्याने भागेना म्हणून रोमनांनी त्याला ‘मेत’ हा प्रत्यय जोडला. ‘एगोमेत’ म्हणजे मीच, ‘नोस्मेत’ म्हणजे आम्हीच. ‘तू’ला मात्र ‘मेत’ सरळ लागत नाही. आधी ‘ते’ लागून ‘तूते’ होतो आणि त्यावर आणखी जोर हवा असेल तर ‘तूतेमेत’. यावरही समाधान झाले नाही तर पुढे ‘इप्से’, म्हणजे ‘स्वतः’, हा शब्द ठेवायचा. आपणही ‘मी स्वतःच’ म्हणताना नेमके हेच करतो.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आरंभी प्लाउटस नावाच्या रोमन नाटककाराने एक विनोदी नाटक लिहिले. त्यात मर्क्युरी हा देव एका गुलामाचे रूप घेऊन त्याच्याच दारात उभा राहतो आणि ‘मीच सोसिया’ म्हणून खऱ्या सोसियाला हाकलून देतो. बिचारा सोसिया शेवटी मालकाला सांगतो की, आधी माझा माझ्यावरच विश्वास बसेना, पण मग त्या दुसऱ्या ‘मीच’ने मला पटवून दिले. एका ‘मी’समोर दुसरा ‘मीच’ उभा राहिला आणि खरा कोण हे खऱ्यालाच कळेना! प्रेक्षक हसले असतील. पण निवडणुकीच्या दिवसांत चौकात लागलेले फलक पाहिले की मला सोसियाच आठवतो.

या ‘मेत’चे पुढे काय झाले तेही ऐकण्यासारखे आहे. बोलीतल्या लॅटिनमध्ये तो मागच्या सर्वनामाला सोडून पुढच्या ‘इप्से’च्या एका रूपाला चिकटला, आणि झिजता झिजता त्यातूनच फ्रेंच ‘मेम’ आणि स्पॅनिश ‘मिस्मो’ झाले. या शब्दांचा अर्थ ‘स्वतः’ असाही होतो आणि ‘तोच तो’ असाही. जोर देणारे शेपूट पुढे स्वतःच शब्द होऊन बसले. आणि लॅटिन बायबलात जिथे ख्रिस्ताने स्वतःला रिते केले असे सांगितले आहे, तिथे ‘स्वतःला’ यासाठी शब्द आहे ‘सेमेतिप्सुम’. त्यात ‘मेत’ही आहे आणि ‘इप्से’चे रूपही आहे. म्हणजे ‘स्व’वर दुहेरी जोर देऊन सांगितले काय, तर तो स्व ओतून टाकला!

तेव्हा वाटले, ‘च’ हा काही केवळ अहंकाराचा प्रत्यय नाही. तो कोणत्या क्रियापदाच्या सोबतीला उभा आहे यावर सारे अवलंबून आहे. पण हे मला पुस्तकातून कळले त्याच्या आधी एका माणसाकडून कळायला हवे होते. ती गोष्ट नामपल्लीची आहे.

✻

१९९२ साल. उस्मानिया विद्यापीठात मी मराठीचे एम. ए. करत होतो आणि नामपल्लीत, स्टेशनच्या मागच्या अंगाला, एका खोलीत राहत होतो. नामपल्ली हे नाव नेकनाम खान या कुतुबशाही सरदारावरून पडले असे सांगतात. नेकनामपल्लीतला ‘नेक’ काळाच्या ओघात गळाला आणि नुसते ‘नाम’ उरले. स्टेशन १९०७ सालचे. अधिकृत नाव हैदराबाद डेक्कन, पण टांगेवाल्यापासून हमालापर्यंत सगळ्यांच्या तोंडी नामपल्लीच. जवळच बाग-ए-आम, म्हणजे पब्लिक गार्डन. एका बाजूला यूसुफैन दर्गा. पलीकडे नुमाइशचे मैदान. आणि सकाळपासून काळ्या कोटांनी गजबजलेली फौजदारी न्यायालये.

त्या परिसरातली बोली ऐकून मी पहिले काही दिवस चकित होतो. लोक उर्दू बोलत होते, पण ‘नहीं चाहिए’ला ‘नक्को’ म्हणत, ‘क्यों’ला ‘कायकू’ म्हणत, आणि वाक्यावाक्यात ‘च’ लावत. ‘ऐसाइच है’, ‘उनोंच आए’, ‘मैंइच बोला’. दिल्ली-लखनौच्या उर्दूत याला ‘ही’ म्हणतात. दखनीने मात्र आपला ‘च’ उचलला, आणि आजकालचा नाही, जुन्या दखनी लेखनातही तो आढळतो. भाषाभ्यासक याला मराठीची देणगी म्हणतात. शेकडो वर्षे शेजार केल्यावर माणसे एकमेकांकडून काय उचलतात हे पाहण्यासारखे असते. दखनीने आपल्याकडून ‘नको’ उचलला आणि ‘च’ उचलला. ठाम नकार आणि ठाम होकार, दोन्ही आपलेच!

खर्चासाठी मी जवळच्याच एका लहान छापखान्यात संध्याकाळी मराठी प्रुफे तपासायला जात असे. हैदराबादेत मराठी कुटुंबे पुष्कळ. लग्नपत्रिका, सत्यनारायणाची निमंत्रणे, मंडळांचे अहवाल असे काम येई. खिळे जुळवायला एक वयस्क मुसलमान गृहस्थ होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांना मराठी वाचता येत नसे. पण नागरी खिळ्यांचे खाने त्यांच्या बोटांना पाठ होते. हस्तलिखितातले अक्षर पाहून ते खिळा उचलत. अर्थ मी पाहायचा, अक्षर त्यांनी पाहायचे, अशी आमची वाटणी होती.

एका लग्नपत्रिकेच्या हस्तलिखितात ‘कै.’ हे अक्षर दोन ओळींच्या मध्ये कुठेतरी लिहिलेले होते. चाचांनी ते आजोबांच्या नावाआधी जुळवले होते, आणि ते बरोबर होते. मी परीक्षेच्या घाईत होतो. लाल पेन्सिलीने बाण काढून ‘कै.’ एक ओळ खाली आणले आणि ‘छापा’ म्हणून सही केली.

तिसऱ्या दिवशी नवरदेवाचे वडील पत्रिका घेऊन स्वतः छापखान्यात आले. दारातच उभे राहून म्हणाले, “मी जिवंत आहे, एवढे सांगायला आलोय.”

आज हे वाचून कुणाला हसू येईल. त्या दिवशी कुणी हसले नाही. पत्रिकांचा पहिला गठ्ठा नातेवाइकांकडे पोचलेला होता. घरातल्या बायका रडत होत्या, शुभकार्यात अशुभ झाले म्हणून. मालकाने पत्रिका हातात घेतली, आम्हा दोघांकडे पाहिले आणि विचारले, “कौन करा ये?”

माझ्या घशाशी वाक्य आले होते, पण जे बाहेर पडले ते असे : “नजरचूक झाली असावी. होते कधी कधी.” व्याकरणाच्या विद्यार्थ्याला कर्ता गाळायची युक्ती बरोबर माहीत असते. चूक कुणी केली नव्हती; ती झाली होती, पाऊस होतो तशी.

तेवढ्यात चाचा म्हणाले, “मैंइच करा, साब. इनकू नक्को बोलो.” आणि माझ्या लाल बाणाचा तो प्रुफाचा कागद त्यांनी शांतपणे उचलला आणि रोलर पुसायला घेतला.

त्यांची पंधरा दिवसांची मजुरी कापली गेली. पत्रिका पुन्हा छापून दिल्या. मी खाली मान घालून दुसरे प्रूफ वाचत होतो. एकही अक्षर दिसत नव्हते.

रात्री स्टेशनसमोरच्या इराणी हॉटेलात मी त्यांना म्हटले, “चाचा, गलती तो मेरी थी.”

“मालूम है,” ते म्हणाले. “मेरेकू मराठी पढ़ना कहाँ आता? मालिक कू भी मालूम है.”

“फिर आप कायकू बोले?”

“तुमकू निकाल देता ना. मेरेकू निकाला तो हरफ कौन जोड़ेगा? चाय पियो.”

मी चहा प्यालो. दुसऱ्या दिवशी मालकाला खरे सांगेन, असे ठरवून झोपलो. दुसऱ्या दिवशी ठरवले, परीक्षा झाल्यावर सांगेन. परीक्षा झाली, १९९३ साली मी एम. ए. होऊन गावी आलो, नोकरी लागली. पहिल्या पगारातून पंधरा दिवसांची मजुरी मनिऑर्डरने पाठवायची होती. ती पाठवायची राहिली. ‘राहिली’ — पाहा, पुन्हा कर्ता गळाला. मी ती पाठवली नाही.

✻

त्यानंतरच्या तीस वर्षांत मी ‘च’ फार वापरला. शाळेचे मैदान मीच मिळवले, प्रयोगशाळा मीच उभी केली, निकाल मीच वर आणला. एका प्रजासत्ताकदिनी भाषण करून घरी आलो तर पत्नी म्हणाली, “अहो, आज अकरा वेळा ‘मीच’ झाले. मी बोटांवर मोजले, शेवटचा मोजायला बोट उरले नाही.” मी हसण्यावारी नेले. पण मैदानासाठी जमीन देणारा शेतकरी त्या दिवशी पहिल्या रांगेत बसला होता हे मला त्यानंतर आठवले.

आपल्या भाषेत एक गंमत आहे. ‘मी’ला ‘पण’ जोडला की ‘मीपण’ होते. तोडून म्हटले तर ‘मी पण’, म्हणजे मीसुद्धा, इतरांच्या सोबतीने. जोडून म्हटले तर ‘मीपण’, म्हणजे अहंकार. अक्षरे तीच. सोबत आणि अहंकार यांच्यामध्ये फक्त एका श्वासाचे अंतर आहे.

मग यंदाचा जून आला. दहावीच्या एका मुलीच्या प्रमाणपत्रावर तिच्या आईचे नाव चुकीचे आले. घरी कन्नड बोलणारे कुटुंब. नावाचे कानडी रूप आमच्या कार्यालयात मराठी वळणाने लिहिले गेले होते, आणि पुढे तेच इंग्रजीत उतरले. आवेदनपत्र लिपिकाने भरले होते. खाली पडताळणीची सही माझी होती, आणि ती मी न वाचता केली होती. मुलीची आई समोर उभी. शांतपणे म्हणाली, “सर, माझं नाव एवढं एकच तर आहे.”

माझ्या तोंडून सवयीने निघणार होते, ‘कार्यालयाकडून नजरचूक झाली.’ आणि अचानक नाकात रॉकेलचा आणि शाईचा वास आला. मी म्हणालो, “बाई, चूक माझीच आहे. फक्त माझीच.” दुरुस्तीचे पत्र मी स्वतः लिहिले, त्यातही तसेच लिहिले, आणि मंडळाच्या कार्यालयात दोन खेपा स्वतः घातल्या. मनात कुठेतरी वाटत होते की, नामपल्लीचे कर्ज थोडे फिटले.

त्या संध्याकाळी लिपिक माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तिशीतला पोरगा, कामाला चोख. म्हणाला, “सर, राग मानू नका. तुम्ही ‘माझीच’ म्हणालात. पण लिहिलं मी होतं. बाईंची माफी मला मागायची होती. तुम्ही मला जागाच ठेवली नाहीत.”

मी त्याला बस म्हणालो. बराच वेळ दोघेही काही बोललो नाही. ज्या गोष्टीने मी तीस वर्षे आतून कुरतडला गेलो होतो, तीच गोष्ट मी मोठ्या उदारपणाने या पोराच्या पदरात टाकली होती.

✻

इथे मला सातव्या शतकातला एक बौद्ध तार्किक मदतीला आला : धर्मकीर्ती. ‘एव’ हा शब्द वाक्यात कुठे बसतो त्यावरून तो काय नाकारतो, याचा त्याने विचार केला आहे. नावे अवघड आहेत, पण उदाहरणे आपल्या मराठीत सरळ उतरतात.

‘पार्थच धनुर्धर आहे.’ इथे ‘च’ पार्थाला लागला. अर्थ असा की पार्थावाचून दुसरा कुणी तसा धनुर्धर नाही. हा दुसऱ्यांना बाहेर काढणारा ‘च’. याला अन्ययोगव्यवच्छेद म्हणतात. ‘चैत्र धनुर्धर आहेच.’ इथे चैत्राचा आणि धनुष्याचा संबंध नाही असे कुणी म्हणू नये, एवढेच सांगायचे आहे. दुसरे कुणी धनुर्धर असतील, असोत बापडे. हा अयोगव्यवच्छेद. आणि तिसरा, ‘कमळ निळे असतेच.’ म्हणजे प्रत्येक कमळ निळे नसते, पण निळे कमळ अगदी नसतेच असे नाही. हा अत्यंतायोगव्यवच्छेद, केवळ शक्यता राखून ठेवणारा.

आता या तीन साच्यांत चूक घालून पाहा.

‘चूक होतेच कधी कधी.’ हा निळ्या कमळाचा ‘च’. १९९२ साली मी तो वापरला. यात खोटे काहीच नाही, आणि म्हणूनच तो इतका सोयीचा आहे. चुका जगात होतात हे कोण नाकारील? कर्ता त्या ‘कधी कधी’त विरघळून जातो. आपल्या सार्वजनिक जीवनातली बहुतेक दिलगिरी याच साच्यातली असते.

‘चूक माझीच आहे.’ हा पार्थाचा ‘च’. चाचांनी तो वापरला, मला बाहेर काढण्यासाठी. त्यांचा तो ‘च’ खोटा होता, पण त्यात दया होती. आणि आपल्याला कामावरून काढणार नाहीत हा हिशेबही होता, तो त्यांनी लपवला नाही. मी त्यांना नावे ठेवणार नाही. तो माझा अधिकारच नव्हे. त्या ‘च’ने माझे शिक्षण वाचले. पण त्याच ‘च’ने माझे एक वाक्य माझ्यापासून काढून घेतले, जे मला पुढे कधी बोलता आले नाही. अर्थात ते परत मिळवायला मला एक चहाचा पेला संपेपर्यंतचा वेळ होता, आणि पुढे सगळे वर्ष होते. तो दोष त्यांचा नाही. यंदा जूनमध्ये मीही हाच ‘च’ वापरला. माझ्याजवळ चाचांची गरिबीही नव्हती आणि त्यांचा साधेपणाही. मला त्यात थोडी शोभाही वाटली होती, हे कबूल केले पाहिजे. दोषातही आपण एकटेच मानकरी असावे, ही हौस माणसाला सुटत नाही. ‘माझ्याएवढा पापी मीच’ म्हणणाऱ्याच्या आवाजात कधी कधी जो सूक्ष्म मोठेपणा असतो, तो इथूनच येतो.

उरला चैत्राचा ‘च’. ‘चूक माझी आहेच.’ अक्षरे जवळजवळ तीच, फक्त ‘च’ सर्वनामावरून उठून क्रियापदावर जाऊन बसला. या वाक्यात मी सुटत नाही, आणि दुसऱ्या कुणाला मी बाहेरही काढत नाही. लिपिकाची असेल, तर ती त्याला सांगायची मुभा राहते. मालकाने मजुरी कापण्याआधी दोन माणसे ऐकायला हवी होती, तीही राहते. मला वाटते, प्रामाणिक माणसाला पेलण्याजोगे वाक्य हेच आहे. कर्तृत्वाच्या बाबतीत ‘मीही’ म्हणावे आणि चुकीच्या बाबतीत ‘चुकलोच’ म्हणावे. ‘मीच’ म्हणायची वेळ फार थोडी येते. रात्री कुणाच्या दारात आजारी माणूस आहे आणि ‘कोण जाईल?’ असा प्रश्न पडला आहे, तेव्हा ‘मीच जातो’ म्हणावे. तिथे इतरांना बाहेर काढण्यात काही पाप नाही, ते झोपोत.

✻

हेच मी आपल्या भागातल्या वाचकांसमोर आणखी एका बाबतीत ठेवू इच्छितो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलुगू जिल्हे आंध्र प्रदेशात आणि कानडी जिल्हे म्हैसूर राज्यात. रेषा नकाशावर ओढल्या गेल्या. घरांमधून त्या ओढता आल्या नाहीत. कुणाची सून तेलुगू, कुणाची आजी कानडी, कुणाच्या दुकानाची भाषा दखनी. २०१४ साली तेलंगण वेगळे झाले तेव्हा पलीकडच्या पाट्याही बदलल्या. या सगळ्यात आपण मराठी घरे एक चिंता उराशी धरून आहोत, पोरांची मराठी टिकेल का? ती चिंता खरी आहे, मीही ती दररोज वर्गात पाहतो. पण आपण ती बोलून दाखवतो तेव्हा ‘च’ कुठे लावतो?

‘घरात मराठीच बोलायची’ म्हटले की आजीची कानडी अंगणात जाऊन बसते. ‘घरात मराठी बोलायचीच’ म्हटले तर आजीची कानडी चुलीपाशी राहते आणि मराठीही राहते. पहिल्या वाक्याने पहारा बसतो. दुसऱ्याने आपण स्वतःवर एक काम घेतो : रोज बोलायचे, वाचून दाखवायचे, पत्र लिहायला लावायचे. पहारा सोपा असतो, काम अवघड असते. आणि ज्या भाषेचा ‘च’ दखनीसारख्या शेजारणीने आपल्या बोलण्यात कायमचा मुरवून घेतला, त्या भाषेने शेजारणीला बाहेर काढण्यासाठीच तो ‘च’ वापरावा, हे काही बरे दिसत नाही.

✻

मागच्या हिवाळ्यात एका लग्नासाठी हैदराबादला गेलो होतो. नामपल्लीला आता डोक्यावरून मेट्रो धावते. ते स्थानक २०१८ साली सुरू झाले. छापखान्याच्या जागी मोबाइलची कव्हरे विकणारे दुकान आहे. दुकानातल्या मुलाला छापखाना कधी होता हेही माहीत नव्हते. आजूबाजूला चौकशी केली. चाचांविषयी सांगू शकेल असे कुणी भेटले नाही.

मग यूसुफैन दर्ग्यात जाऊन बसलो. यूसुफ आणि शरीफ या दोन अवलियांची ही जागा. दोघे औरंगजेबाच्या फौजेत साधे शिपाई होते म्हणतात. गोवळकोंड्याच्या वेढ्यात, १६८७ च्या सुमारास, एका रात्री वादळ झाले, छावणीतले सगळे तंबू उडाले, दिवे विझले. एकाच तंबूतला दिवा तेवढा जळत होता आणि आत हे दोघे कुराण वाचत बसले होते. तोवर त्यांच्याबद्दल कुणालाच काही ठाऊक नव्हते. आख्यायिका आहे, खरेखोटे इतिहासकार पाहतील. मला त्यातले एवढेच भावले की त्या दोघांनी ‘मीच’ म्हटले नव्हते. दिवा लागलेला होता, तो दिसला.

बाहेर पडताना दारात फुले विकणाऱ्या म्हाताऱ्याला मी पैसे दिले. त्याने मोजून सुटे परत केले आणि मी एक रुपया जास्त दिला आहे असे तो म्हणाला. मी म्हटले, राहू द्या. तो म्हणाला, “नक्को साब. जितना है उतनाइच.”

आता आठवीच्या त्या मुलाला उत्तर द्यायचे आहे. ‘मीच’ म्हणायची सोय सगळ्या भाषांनी का करून ठेवली, हे अजून मला नीटसे सांगता येणार नाही. पण तो ‘च’ उचलून दुसरीकडे ठेवता येतो, एवढे त्याला सांगेन. आणि हे मला कुणी शिकवले तेही सांगेन. ती गोष्ट सांगताना ‘नजरचूक झाली’ असे म्हणणार नाही. लाल पेन्सिलीचा बाण मी काढला होता. चुकलोच.